धाप आणि धास्ती

दिवाळीच्या आगेमागे लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ तालुक्याच्या शिवारांत सोयाबीनची मळणीयंत्रे उशिरापर्यंत घरघरू लागतात, भुसकटाची धूळ गावावर तरंगत राहते, पहाटेचा गारठा अंगाला झोंबू लागतो, आणि साकोळ, येरोळ, उजेड, डिगोळ अशा गावांतून फुफ्फुसांच्या जुनाट विकाराने गांजलेली माणसे एकामागून एक दवाखान्याची वाट धरतात. ही गोष्ट वर्षानुवर्षांच्या परिपाठाने आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यात विचार करण्याजोगे काही आहे असे कोणास वाटेनासे झाले आहे. रोग्यास वाफ दिली जाते, सुई टोचली जाते, तासाभरात धाप बसते, नातेवाईक त्यास घरी नेतात, आणि पंधरवडा लोटतो न लोटतो तोच तो पुन्हा त्याच दारात उभा राहतो. ह्या येरझाऱ्यांत त्याच्या छातीची तपासणी कितीदा तरी होते. परंतु त्यास रात्री झोप लागते काय, एकट्याने घरात राहावयाची भीती वाटते काय, पूर्वी ज्यात जीव रमे त्यात तो आता रमतो काय, हे बहुधा कोणी विचारीत नाही. ते विचारले गेले पाहिजे, आणि ज्या दाराशी धापेचा इलाज होतो त्याच दाराशी ह्या धास्तीचाही इलाज झाला पाहिजे, एवढेच प्रस्तुत लेखाचे सांगणे आहे.

विकार थोड्याथोडक्यांचा नाही. फुफ्फुसांतील वायुमार्ग हळूहळू अरुंद आणि जर्जर करून टाकणाऱ्या ज्या रोगास डॉक्टरमंडळी सीओपीडी म्हणतात आणि आपण खेड्यापाड्यांत सरसकट दमा म्हणून मोकळे होतो, त्याचे १९९० साली भारतात सुमारे २ कोटी ८० लाख रोगी होते. २०१६ पर्यंत ही संख्या साडेपाच कोटींच्या घरात गेली. जगाच्या लोकसंख्येत आपला हिस्सा सुमारे १८ टक्के, पण जुनाट श्वसनविकारांनी जगात निरोगी आयुष्याची जेवढी वर्षे वाया जातात त्यांत आपला हिस्सा ३२ टक्के, असा निष्कर्ष ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ ह्या नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने काढला आहे. बिडी हे ह्या रोगाचे सर्वांस ठाऊक असलेले कारण. तथापि पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स ह्यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या निबंधात हे निदर्शनास आणून दिले की, जगात तंबाखू ओढणारी माणसे सुमारे १ अब्ज असतील, तर लाकूडफाटा, शेणी आणि पिकांचे अवशेष जाळून होणाऱ्या धुरात श्वास घेणारी माणसे सुमारे ३ अब्ज आहेत. तुराट्या आणि गोवऱ्या ह्यांवर ज्या माउलीने तीस-चाळीस वर्षे भाकरी थापली, तिने बिडीला कधी बोटही लावले नसले तरी तिच्या छातीत तोच रोग घर करतो. तिच्या जोडीला डाळीच्या गिरणीतल्या पोत्यांखाली आणि टरफलांच्या धुळीत उमेदीचा काळ घालविलेला हमाल आहे, वीटभट्टीवरचा मजूर आहे, आणि क्षयाचा पुरा औषधोपचार घेऊन रोगमुक्तीचा शेरा मिळालेला, पण व्रण पडलेली फुफ्फुसे घेऊन जगणारा तरुणही आहे.

ह्या रोगाचा मनाशी संबंध काय, हे समजण्यास रोग्याचा श्वास आत कसा अडतो ते पाहणे अवश्य आहे. धाप म्हणजे श्वास आत घेता न येणे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ह्या विकारात पहिली अडचण श्वास बाहेर पडण्याची असते. अरुंद झालेल्या नळ्यांतून हवा पुरती बाहेर जात नाही. ती आत साचते. घाबरून माणूस जितका भरभर श्वास घेतो तितका उच्छ्वासास वेळ कमी मिळतो आणि साचलेल्या हवेवर आणखी हवा चढते, एस.टी.च्या गाडीतून उतरणारे उतरले नसताना चढणारे चढतच राहावेत आणि अखेर पाय ठेवावयासही जागा उरू नये, तशी छातीची गत होते. छातीखालचा पडदा ताणून सपाट होतो, मानेचे आणि खांद्यांचे स्नायू ओढ घेऊ लागतात, आणि मेंदूस जी वर्दी पोहोचते ती गुदमरण्याची असते. गुदमरण्याची वर्दी मिळाली असता भय उत्पन्न होणे हा प्राणिमात्राचा धर्म आहे. त्यात मनाचा दुबळेपणा मुळीच नाही. पण त्या भयाने श्वास आणखी वेगाने चालू लागतो, वेगाने चाललेला श्वास छाती आणखी भरून टाकतो, आणि धापेने धास्ती व धास्तीने धाप असे हे रहाट एकदा फिरू लागले म्हणजे त्यातून बाहेर कसे यावे हे शिकविल्यावाचून कोणासही उमगत नाही.

ज्याने रात्री दोन वाजता असा प्रसंग एकदा अनुभवला, तो पुढे दर रात्री दोन वाजण्याची वाट पाहत जागा राहतो. ‘जीव घाबरा होतो’ एवढेच तो घरच्यांस सांगतो. दार लावून घेऊ देत नाही, पांघरूण तोंडावर येऊ देत नाही, उशाशी औषधाचा पंप आहे ना हे पुन्हा पुन्हा चाचपून पाहतो; आणि ज्या घरात ऑक्सिजनचे विजेवर चालणारे यंत्र आलेले असते, त्या घरात लाइट जाण्याची भीती रोगाच्या भीतीहून मोठी होऊन बसते. हळूहळू त्याचे जग लहान होत जाते. प्रथम शेताची फेरी सुटते, मग बाजार सुटतो, मग पारावर जाऊन बसणे सुटते, कारण चारचौघांत खोकल्याची उबळ आली की शेजारचा माणूस नकळत अंग चोरून घेतो, आणि पंप तोंडाशी नेला की ‘हा आता पंपावर आला’ अशी कुजबुज कानी येते. घरात कोणी पेला निराळा ठेवू लागतो, कारण दमा आणि क्षय ह्यांतला भेद सर्वांस ठाऊक नसतो. घरात लेकीचे लग्न ठरावयाचे असेल तर बापाचा खोकला लपविला जातो. कर्ता पुरुष असेल तर मुलाच्या हाताकडे पाहण्याची पाळी आपल्यावर आली हे त्यास खात राहते. बाई असेल तर तिचे दुखणे ‘वयाचा दम’ म्हणून सोडून दिले जाते, आणि ज्या चुलीने तिला हे दुखणे दिले तिच्यापाशीच ती पुन्हा जाऊन बसते.

ह्या अवस्थेत खिन्नता येणे स्वाभाविक आहे असे आपण म्हणतो. पण तिचे प्रमाण किती ह्याचा हिशेबही वैद्यकशास्त्राने मांडलेला आहे. निरनिराळ्या अभ्यासांचे एकत्रित गणित करून २०११ मध्ये जे विवेचन प्रसिद्ध झाले त्याप्रमाणे सीओपीडीच्या रोग्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यास, म्हणजे २४.६ टक्क्यांस, नैराश्याची लक्षणे होती; हा रोग नसलेल्यांत हेच प्रमाण ११.७ टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी होते. आणि हे नैराश्य मनातल्या मनात राहत नाही. खचलेला माणूस औषधे वेळेवर घेत नाही, जेवत नाही, बिडी सोडण्याचा निश्चय त्याच्याने निभत नाही; अंथरुणाला खिळून राहिल्याने पायांचे स्नायू झडतात, झडलेल्या पायांनी चार पावले चालले तरी दम लागतो, आणि दम लागतो म्हणून तो पुन्हा अंथरूण धरतो. ज्यांना हा रोग आणि नैराश्य दोन्ही आहेत त्यांना रुग्णालयात वारंवार दाखल व्हावे लागते आणि त्यांचे आयुष्यही अधिक उणावते, हे अनेक देशांतील निरीक्षणांनी दाखविले आहे. तेव्हा मनाची दखल घेणे म्हणजे छातीच्या इलाजानंतर, सवड उरल्यास, करावयाचा उपचार अशी जी समजूत आहे ती चुकीची आहे. मन वगळून छातीचा इलाज पुरा होतच नाही.

ह्यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो, आणि तो पुष्कळदा सहृदय माणसेच घेतात. ते म्हणतात, रोग असाध्य, परिस्थिती हलाखीची, वय झालेले. अशा माणसाने खचून जाऊ नये तर काय करावे? त्याच्या दुःखाला गोळी कोठली? ह्या म्हणण्यात करुणा आहे, पण तिने रोग्याचे भले होत नाही. दुःखाला कारण आहे म्हणून दुःखावर उपाय नाही, हा न्याय आपण अन्यत्र लावीत नाही. पाय मोडण्यास कारण असते म्हणून आपण हाड बसविल्याविना राहत नाही. शिवाय जे दिसते ते सगळेच दुःख परिस्थितीचे नसते. धापेसाठी दिल्या जाणाऱ्या थिओफिलीनसारख्या औषधांनी आणि पंपातील काही औषधांनीही हात थरथरतात, छाती धडधडते. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी झोप उडते, चित्त अस्वस्थ होते. हे औषधाचे परिणाम आहेत असे कोणी सांगितले नाही तर रोग्यास वाटते की अखेरची घटका भरली. उलट, झोप यावी म्हणून कोणाच्या सांगण्यावरून आणलेल्या गुंगीच्या गोळ्या ह्या विकारात श्वासाची गती मंद करून जिवावर बेतू शकतात. ह्या साऱ्या गोष्टी शांतपणे बसून समजावून सांगणारा माणूस रोग्यास हवा असतो, आणि तोच आज त्यास मिळत नाही.

आता शासनदप्तराकडे वळू. कारण ह्या प्रकरणातली सर्वांत विलक्षण गोष्ट तेथेच आहे. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमान्वये गावची आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येक माणसाचा एक तक्ता भरते. तिच्या बोलण्यात त्याचे नाव ‘सीबॅक फॉर्म’. हा कागद एकदा नीट न्याहाळून पाहण्याजोगा आहे. त्यात एके ठिकाणी विचारलेले असते की, दम लागतो काय, दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे काय. पुढे विचारलेले असते की, घरात स्वयंपाक कशावर होतो, लाकडांवर, पिकाच्या काडीकचऱ्यावर, शेणाच्या गोवऱ्यांवर की गॅसवर, आणि कामाच्या जागी धूर वा धूळ आहे काय. आणि त्याच कागदाच्या अखेरीस दोन प्रश्न मनाविषयी असतात: गेल्या दोन आठवड्यांत कामांत रस किंवा आनंद वाटेनासा झाला काय, आणि उदास, निराश वाटले काय. प्रत्येक उत्तरास शून्य ते तीन गुण, दोहोंची बेरीज तीनाहून अधिक झाली तर त्या इसमास वैद्यकीय अधिकाऱ्याकडे धाडावे, असा नियम. म्हणजे धूर, धाप आणि मन ह्या तिन्हींची चौकशी एकाच माणसाची, एकाच बैठकीत, एकाच तक्त्यावर करण्याची तजवीज सरकारने केलेली आहे. प्रश्नावली रचणारांस ह्या तिहींचा संबंध दिसला नसेल असे म्हणवत नाही. पण तक्ता भरून झाल्यावर धापेचे उत्तर एका कार्यक्रमाच्या वाटेने जाते आणि मनाचे उत्तर दुसऱ्या, आणि पुढे ह्या दोन वाटा मिळाव्यात असा हुकूम कोठेही नाही. मनाविषयीचे ते दोन प्रश्न दारात उभ्याउभ्या, सासू-सुनेच्या, मुलांच्या देखत विचारले गेले तर त्यांस खरे उत्तर मिळण्याचा संभवही थोडाच.

कायदा ह्या बाबतीत संदिग्ध असता तर एखादे वेळी प्रशासनास सबब राहिली असती. पण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम १८ ने मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क मानला आहे, आणि प्राथमिक, द्वितीय व तृतीय अशा सर्व पातळ्यांवरील आरोग्यसेवेत, एवढेच नव्हे तर सरकारमार्फत चालणाऱ्या सर्व आरोग्यकार्यक्रमांत, ह्या सेवा अंतर्भूत करण्याचे कर्तव्य शासनावर टाकले आहे. फुफ्फुसांच्या जुनाट विकाराचा कार्यक्रम हा सर्व कार्यक्रमांपैकीच एक आहे. तेव्हा धापेच्या रोग्यास मनाचा आधार द्या, ही मागणी उपकाराची याचना म्हणून करावयाची नाही. ती कायद्याने आधीच मान्य केलेल्या हक्काच्या अंमलबजावणीची मागणी आहे.

आणि ही मागणी आपल्याच जिल्ह्यात तरी कोणास अनोळखी वाटू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादची गावेच्या गावे उद्ध्वस्त केली, हजारो माणसे दगडमातीखाली गेली, आणि जी वाचली त्यांस घरे बांधून देऊन भागणार नाही, ढासळलेली मनेही सावरावी लागतील, ही जाणीव त्या आपत्तीने राज्यास करून दिली. मानसोपचारतज्ज्ञांची पथके येथल्या छावण्यांतून आणि गावांतून आली; अभिनेते म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे ह्यांनी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा जो अभ्यास केला त्याचे क्षेत्र हाच मुलूख होते. पुढे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी मराठवाडा आणि विदर्भ होरपळू लागले, तेव्हा राज्याच्या आरोग्य खात्याने ह्या दोन विभागांतील १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू करून समुपदेशनाची तरतूद केली. लातूर त्यांतलाच एक. ज्या मुलखाने भूकंपाचे आणि कर्जाचे मानसिक घाव सार्वजनिक चिंतेचा विषय म्हणून मान्य करविले, त्या मुलखात श्वासाच्या रोग्याचे मन तेवढे खासगी बाब मानले जावे, ह्यास आधार नाही. धापेने घरी बसलेला शेतकरी आणि कर्जाने खचलेला शेतकरी हे पुष्कळदा दोन निराळे इसम नसतात, हेही येथे सांगितले पाहिजे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो अधिक गंभीरपणे घेतला पाहिजे. मानसोपचारतज्ज्ञ आणावेत कोठून? भारतात लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही, आणि जे आहेत ते बहुतांशी शहरांत आहेत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत नैराश्य-चिंता अशा सामान्य मनोविकारांच्या सुमारे ८५ टक्के रोग्यांस उपचार मिळत नसल्याचे आढळले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपली स्थिती फार निराळी असेल असे मानण्यास कारण नाही. धापेच्या रोग्याने लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत जावयाचे म्हणजे एक दिवसाची मजुरी, सोबतच्या माणसाची दुसरी मजुरी, आणि स्टँडपासून रुग्णालयापर्यंतची ती चाल, जी निरोग्यास दहा मिनिटांची आणि त्यास अर्ध्या तासाची. एका दिवशी छातीच्या डॉक्टरांकडे आणि दुसऱ्या दिवशी मनाच्या डॉक्टरांकडे, हे त्याच्याने व्हावयाचे नाही. ह्या आक्षेपातून निघणारा खरा निष्कर्ष असा की, प्रत्येक रोग्यास तज्ज्ञाकडे नेण्याची योजना येथे टिकणार नाही. साधा आधार गावातच देता आला पाहिजे, आणि ज्यांस अधिक उपचारांची निकड आहे तेवढेच पुढे पाठविले पाहिजेत.

हे शक्य आहे काय, ह्याचे उत्तर गोव्याने आणि विदर्भाने देऊन ठेवले आहे. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगत’ ह्या संस्थेने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मनोविकारशास्त्राची कोणतीही पदवी नसलेल्या साध्या माणसांस प्रशिक्षण देऊन नैराश्याच्या रोग्यांशी सहा ते आठ बैठका घ्यावयास लावल्या. रोग्याने टाकून दिलेली लहानसहान, जिवाला बरी वाटणारी कामे पुन्हा हाती कशी घ्यावीत, एवढाच त्या बैठकांचा गाभा होता. आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे तीन महिन्यांनी ६४ टक्के रोगी नैराश्यातून बाहेर आले, तर नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत ‘विश्राम’ नावाच्या कार्यक्रमाने गावातलेच कार्यकर्ते तयार केले. अवघ्या दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गोव्याचा प्रयोग श्वासाच्या रोग्यांसाठी म्हणून योजलेला नव्हता आणि विदर्भाचाही नव्हता, हे खरे. पण खेड्यातले माणूस खेड्यातल्या माणसाच्या मनाला शास्त्रशुद्ध आधार देऊ शकते, हे त्यांनी निर्विवादपणे सिद्ध केले. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या परिसरात तर श्वसनविकाराच्या परिचारिकांनीच सीओपीडीच्या रोग्यांस धास्ती आवरण्याचे शिक्षण दिले, आणि त्याने रोग्यांची चिंता कमी झाल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

शिकवावयाचे तरी काय? त्यातले पुष्कळसे इतके साधे आहे की त्याविना इतकी वर्षे आपण कशी काढली ह्याचे दुःख व्हावे. धाप भरली असता उताणे न निजता बसावे, किंचित पुढे वाकून कोपर मांडीवर अथवा टेबलावर टेकावेत म्हणजे छातीच्या स्नायूंस आधार मिळतो; नाकाने श्वास घेऊन ओठांचा चंबू करावा आणि शीळ घालावी तसा उच्छ्वास सावकाश, श्वासाच्या दुपटीने लांबवून सोडावा, म्हणजे साचलेली हवा बाहेर पडावयास अवसर मिळतो; छोट्या पंख्याचा वारा गालांवर आणि नाकावर घेतला तर धापेची जाणीव ओसरते. पायरी चढताना श्वास सोडावा, पाणी भरताना मध्ये थांबावे, अंघोळ बसून करावी. ह्या युक्त्यांनी रोग जात नाही. पण आपल्या हाती काही आहे हा विश्वास येतो, आणि धास्तीवर त्याच्याइतका दुसरा उतारा नाही. ह्यांच्या जोडीला सहा ते आठ आठवडे देखरेखीखाली चालण्याचा आणि हातापायांचा व्यायाम, आहाराचा सल्ला आणि समदुःखी माणसांची संगत, अशी जी श्वसनपुनर्वसनाची पद्धत जगभर रूढ झाली आहे, तिने धाप, चिंता आणि खिन्नता तिन्ही कमी होतात हे आता वादातीत आहे. तिला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. एक ओसरी, काही खुर्च्या, चालावयास सपाट जागा, बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजण्याचे यंत्र आणि एक शिकविलेले माणूस एवढ्यावर ती तालुक्याच्या गावी उभी राहू शकते.

आणि संगतीची रीत तर आपणांस परक्याकडून शिकावयाची नाही. लंडनच्या ‘इंग्लिश नॅशनल ऑपेरा’ ह्या संस्थेने २०२० पासून कोविडनंतर दम राहून गेलेल्या माणसांसाठी गायनाधारित श्वासवर्ग चालविले, आणि त्यांच्या चाचणीत सहभागी झालेल्यांच्या मानसिक स्वास्थ्यात सुधारणा दिसली. सीओपीडीच्या रोग्यांवरील गायनाचे प्रयोग अद्याप लहान प्रमाणावर झाले आहेत, त्यामुळे त्याबद्दल अवास्तव दावा करणे योग्य नव्हे. पण मराठवाड्यातील असंख्य गावांत संध्याकाळी देवळात हरिपाठ होतो, भजनी मंडळ बसते, आणि धापेचा रोगी आवाज चढत नाही म्हणून, खोकला येईल म्हणून, तेथून उठून आलेला असतो. त्यास परत बोलवावे, कडेला भिंतीशी टेकून बसू द्यावे, जमेल तेवढे चरण म्हणू द्यावेत, खोकला आला तर कोणी वळून पाहू नये. ह्यास सरकारी मंजुरी लागत नाही. त्याची छाती सुधारेल की नाही हे मी सांगू शकत नाही, पण त्याचे एकटेपण निश्चित उणे होईल.

रोग्याबरोबर त्याच्या सेवेत असलेल्या माणसाचाही विचार व्हावा. रात्री उठून पाठ चोळणारी, वाफेचे यंत्र लावणारी, पहाटे पुन्हा शेताला जाणारी पत्नी किंवा सून हीच बहुधा ती व्यक्ती असते. तिच्या झोपेची, तिच्या धसक्याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही. तिला धापेच्या वेळी काय करावे, केव्हा थांबावे आणि ओठ निळे पडणे, बोलता न येणे, गुंगी येणे ह्यांपैकी काही दिसताच विलंब न करता रुग्णालय गाठावे हे शिकविले, आणि महिन्याकाठी तिचीही विचारपूस झाली, तर घरातली अर्धी भीती सरेल.

तेव्हा मागणे स्पष्ट आहे. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी आणि जिल्हा परिषदेने शिरूर अनंतपाळसारख्या एका लहान तालुक्यापासून आरंभ करावा. सीबॅक तक्त्यात ज्याची धाप नोंदली गेली, त्यास मनाविषयीचे दोन प्रश्न एकान्तात, आशाताईस पुरेसा वेळ आणि त्या कामाचा मोबदला देऊन, दर सहा महिन्यांनी विचारले जावेत, आणि दोन्ही उत्तरे एकाच समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या हाती जावीत. त्या अधिकाऱ्यास श्वास आवरण्याचे आणि समुपदेशनाचे प्राथमिक शिक्षण मिळावे. प्रेरणा प्रकल्पाच्या समुपदेशकांच्या कामात जुनाट श्वसनरोग्यांची भेट समाविष्ट करणारे परिपत्रक निघावे. तालुक्याच्या गावी आठवड्यातून दोन दिवस श्वसनपुनर्वसनाचा वर्ग भरावा. पंपाची औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात अखंड मिळावीत, कारण औषध संपल्याची चिंता हीसुद्धा चिंताच आहे. उजेड येथे प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास गांधीबाबाच्या नावाने जी यात्रा भरते, तीत ह्या रोगाची आणि ह्या धास्तीची माहिती देणारा एक तंबू आरोग्य खात्याने उभारावा. जानेवारीच्या थंडीत त्याची निकड कोणास पटवून द्यावी लागणार नाही. ह्यास खर्च येईल, हे खरे. पण तोच रोगी वर्षातून चारदा दाखल करून घेण्यास येणारा खर्च आजही होतोच आहे, आणि त्यातून त्यास दिलासा मिळत नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा रोगी असेल त्यांस एवढेच सांगावयाचे आहे. त्यास ‘धीर धरा’ म्हणून उठून जाऊ नका. जवळ बसा, झोप कशी लागते, भीती कशाची वाटते हे विचारा, आणि उत्तर येईतो थांबा. दोन आठवड्यांहून अधिक काळ त्याचे कशातच मन लागत नसेल, जेवण तुटले असेल, जगण्याचा कंटाळा त्याच्या तोंडून निघत असेल, तर छातीच्या डॉक्टरांस ते जसेच्या तसे सांगा. ते सांगणे हा तपासणीचाच भाग आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस, विनामूल्य चालू असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते. तो पंपाच्या डबीवर लिहून ठेवा. सरकारने करावयाचे ते सरकारकडून करवून घेऊच, पण त्याचा हुकूम निघेपर्यंत आपल्या घरातल्या माणसाची विचारपूस थांबवून ठेवू नका.